आखातात अडकलेला माणूस नागपूरला परत कसा आणायचा: घरच्यांनी करायची कामं, एकेक करून

फोन बहुतेक रात्रीच येतो. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आणि दुबईचं दीड तास, त्यामुळे तिकडे काम संपवून माणूस खोलीवर पोचतो तेव्हा इथे जरीपटक्यात किंवा कामठीत मध्यरात्र झालेली असते. "ताई, मला घरी यायचंय. पासपोर्ट मालकाकडे आहे." माझ्या धाकट्या भावाचा असा फोन आला तेव्हा मी पहिलं काम केलं ते तिकीट काढण्याचं. ते तिकीट वाया गेलं आणि पैसेही परत मिळाले नाहीत. तो दम्मामहून घरी पोचायला त्यानंतर सात महिने लागले. तेव्हापासून मोमिनपुरा, इंदोरा, हिंगणा इथल्या बऱ्याच घरांत बसून मी कागद लावून दिले आहेत. त्यातून जे कळलं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्या. माणूस अडकतो तो तिकिटापायी क्वचितच. तो आणि विमान यांच्यामध्ये कुठला तरी एक कागद अडलेला असतो. तो कागद कोणता, हे कळेपर्यंत बाकी सगळी धावपळ वाया जाते.

पहिल्या फोनवर काय विचारायचं

रडू येतं, त्यालाही आणि आपल्यालाही. पण त्याच्या फोनचा रिचार्ज कधी संपेल किंवा मालक फोन कधी काढून घेईल याचा नेम नसतो. म्हणून आधी माहिती घ्या. व्हॉट्सअॅपवर लोकेशन मागवा. जिथे काम करतो तिथल्या पाटीचा, गाडीवरच्या नावाचा, गेटचा फोटो मागवा. पाटी अरबीत असली तरी चालेल, दूतावासातली माणसं ती वाचतात. इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या रहिवासी ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. पासपोर्ट कोणाकडे आहे, पगार किती महिन्यांचा थकला आहे, जेवण मिळतं का, मारहाण होते का, औषध चालू आहे का, हेही विचारा. उत्तरं वहीत तारीख घालून लिहा. पुढे प्रत्येक अर्जात हीच वही कामी येते.

फोन ठेवण्याआधी त्याला दोन-तीन गोष्टी बजावून सांगा. समजत नसलेल्या अरबी कागदावर सही किंवा अंगठा करायचा नाही. मालकाचं नाव घेऊन रडतानाचा व्हिडिओ फेसबुकवर टाकायचा नाही. आखाती देशांमध्ये ऑनलाइन बदनामी हा गुन्हा आहे, आणि घरी यायला निघालेला माणूस अशा केसमध्ये नव्याने अडकतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. जिवाला धोका नसेल तर पळून जायचं नाही. धोका असेल तर जरूर निघायचं, पण थेट भारतीय दूतावासात किंवा पोलिसांकडे. ओळखीच्या कोणाच्या खोलीवर जाऊन लपायचं नाही. मालकाने 'कामावरून पळाला' अशी नोंद केली की, सौदीत ज्याला हुरूब म्हणतात, तो माणूस कागदावर बेकायदा ठरतो आणि पगाराचा दावाही लंगडा पडतो.

घरी एक फाईल तयार करा

पासपोर्टची झेरॉक्स घरात शोधा. नसेल तर ज्या दुकानातून फॉर्म भरला त्याच्या कॉम्प्युटरवर बहुधा असते. तीही नसेल तर जुन्या अर्जाचा फाईल क्रमांक शोधा. नागपूरला प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आहे आणि विदर्भातल्या पासपोर्टच्या नोंदी तिथून निघू शकतात. व्हिसाची प्रत, करारनामा, जातानाचं तिकीट, एजंटला दिलेल्या पैशांच्या पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट, एजंटशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, हे सगळं एकत्र करा. ज्या फोनवर ते बोलणं आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहा. पासपोर्टवर आडनाव नसेल तर अर्जातही लिहू नका. एका अक्षराच्या फरकाने तिकडच्या कॉम्प्युटरवर माणूस सापडत नाही.

व्हिसावरचा धंदा वाचून घ्या. माझ्या भावाला इथे 'कंपनी ड्रायव्हर' म्हणून सांगितलं होतं. व्हिसावर अरबीत 'सायक खास' होतं, म्हणजे खासगी घरचा ड्रायव्हर. या दोन शब्दांनी सगळा फरक पडला. कारण सौदीत १४ मार्च २०२१ पासून कंपन्यांच्या कामगारांना मालकाच्या परवानगीशिवाय एक्झिट व्हिसा, म्हणजे देश सोडायची परवानगी, मागायची मुभा मिळाली, पण घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर त्या सुधारणेतून वगळले होते.

पासपोर्ट ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) आहे का, तेही पाहा. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुधा ईसीआर असतो. अशा माणसाला नोकरीसाठी सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया अशा १८ देशांत जाताना सरकारची एमिग्रेशन मंजुरी लागते. मंजुरी घेऊन गेला असेल तर त्याची प्रवासी भारतीय बीमा योजना असते. २ वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि ३ वर्षांचा ३७५ रुपये. या विम्यात अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण आहे, शिवाय आजारपणामुळे परत यावं लागल्यास विमानभाड्याची तरतूद आहे. घरच्यांना हे बहुतेक ठाऊकच नसतं. पॉलिसीचा कागद एजंटकडे पडून असतो, तो मागून घ्या.

टुरिस्ट व्हिसावर पाठवलं असेल तर लपवू नका. दूतावास त्याला भारतीय नागरिक म्हणून मदत करतोच. लपवलेली गोष्ट मध्येच बाहेर आली तर फाईल मागे पडते.

नेमकं अडलंय कुठे

इथे घाई करू नका. 'मालक सोडत नाही' या एका वाक्यामागे पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

नुसता पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल तर गोष्ट त्यातल्या त्यात सोपी आहे. सौदी, यूएई, कतार या देशांत कामगाराचा पासपोर्ट दाबून ठेवणं तिथल्याच नियमांनी मना आहे. दूतावासाचा फोन गेला की बरेच मालक पासपोर्ट आणून देतात. नाहीच दिला, तर दूतावास एकतर्फी प्रवासाचा कागद देतो, त्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट म्हणतात. आखातातली आपली पोरं त्याला 'आऊटपास' म्हणतात. पण लक्षात ठेवा, आऊटपास भारतात शिरायला चालतो. त्या देशातून बाहेर पडायची परवानगी वेगळी लागते.

दुसरी गाठ त्या परवानगीची. ती देशागणिक बदलते. कतारने बहुतेक कामगारांसाठी एक्झिट परमिट २०१८ मध्ये आणि घरकामगारांसाठी जानेवारी २०२० मध्ये काढून टाकलं. घरकामगाराने मात्र निघण्याच्या ७२ तास आधी मालकाला कळवायचं असतं. कुवेतने उलट केलं. १ जुलै २०२५ पासून खासगी कंपन्यांतल्या परदेशी कामगारांना देश सोडण्यासाठी मालकाने मंजूर केलेलं एक्झिट परमिट लागू झालं. म्हणून 'माझ्या मावसभावाला असं काही लागलं नव्हतं' यावर विसंबू नका. तो कोणत्या देशातून, कोणत्या वर्षी, कोणत्या व्हिसावरून आला ते विचारा.

तिसरी गाठ दंडाची. यूएईत व्हिसा संपून राहिलेल्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहम लागतात. वर्षभर राहिला तर १८ हजार दिरहमच्या वर जातात. असे देश अधूनमधून माफीची मुदत जाहीर करतात. यूएईने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ अशी मुदत दिली होती. कुवेतनेही २०२४ मध्ये दिली होती. मुदत चालू असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिचा फायदा घ्या.

चौथी गाठ हुरूबची, आणि पाचवी पोलीस केस, कर्ज किंवा न वटलेल्या चेकची. पाचव्या गाठीत विमानतळावर माणसाला थांबवतात, मग पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सगळं असलं तरी. मोबाइल हप्त्यावर घेतला होता का, दुसऱ्यासाठी जामीन राहिला होता का, गाडीचा अपघात झाला होता का, हे आई-बाबांसमोर विचारू नका. भावाने किंवा मित्राने एकट्याने विचारावं, तरच खरं उत्तर मिळतं.

तक्रार कुठे आणि कशी करायची

परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल फेब्रुवारी २०१५ पासून चालू आहे. तिथे घरच्यांपैकी कोणीही तक्रार नोंदवू शकतं. देश निवडा, मग योग्य दूतावास निवडा. इथेच चूक होते. सौदीत रियाधला दूतावास आणि जेद्दाला वाणिज्य दूतावास आहे. मक्का, मदिना, तबूक, जिझान हे जेद्दाकडे येतं, तर रियाध आणि दम्माम रियाधकडे. यूएईत अबुधाबीचा माणूस अबुधाबीच्या दूतावासाकडे आणि दुबई-शारजाकडचा दुबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातो. तक्रारीचा प्रकारही नीट निवडा. पगार थकबाकी, मालकाशी वाद, मायदेशी परत पाठवणे, तुरुंगात असणे, ठावठिकाणा न लागणे, असे वेगळे रकाने आहेत.

तक्रारीत भावना कमी आणि तपशील जास्त हवा. 'माझ्या मुलाला खूप छळतात, कृपा करून वाचवा' एवढं लिहिलेला अर्ज वाचून अधिकारी हळहळतो, पण त्याला करायला काही उरत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'माझा मुलगा अमुक पासपोर्ट क्रमांकावर अमुक तारखेला गेला. मालकाचं नाव हे, फोन हा, लोकेशन हे. चार महिन्यांचा पगार थकला आहे. पासपोर्ट मालकाकडे आहे. इकामा अमुक तारखेला संपला. त्याचा चालू नंबर हा, रात्री नऊनंतर लागतो. त्याला घरी परत यायचं आहे.' शेवटचं वाक्य वगळू नका. माणसाला पगार मिळवून तिथेच राहायचं आहे की परत यायचं आहे, यावर पुढची सगळी कारवाई ठरते.

तक्रार क्रमांक मिळाला की तोच क्रमांक प्रत्येक ठिकाणी द्या. नवी तक्रार पुन्हा पुन्हा टाकू नका, आहे त्यातच नवी माहिती जोडा. सोबत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. दूतावासाचा तातडीचा नंबर दूतावासाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. इंटरनेटवर वर येणाऱ्या जाहिरातींतले 'एम्बसी हेल्प' नंबर दलालांचे असू शकतात.

नागपुरातून काय करता येतं? परदेशी नोकरीला जाणाऱ्यांचं संरक्षक कार्यालय, म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, नागपुरात नाही. महाराष्ट्रासाठी ते मुंबईत आहे. एजंटाविरुद्धची तक्रार तिथे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. आपल्या खासदारांच्या कार्यालयात एक अर्ज द्या, त्यांच्या पत्राने मंत्रालयातली फाईल हलते असा माझा अनुभव आहे. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हाधिकारी कार्यालयात अर्जाची प्रत देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. डिसेंबरात अधिवेशनासाठी मंत्री नागपुरात असतात, तेव्हा लोक पन्नास-पन्नास पानांचं निवेदन घेऊन रांगेत उभे राहतात. एका पानाचं न्या, वर तक्रार क्रमांक ठळक लिहा.

मधले दिवस

तक्रारीनंतर दूतावास मालकाला बोलावतो, कामगार कार्यालयात पाठवतो किंवा माणसाला स्वतः हजर राहायला सांगतो. याला आठवडे लागतात, कधी महिने. या काळात दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी एकदाच विचारणा करा. घरातल्या एकानेच करा. पाच नातेवाइकांनी पाच गोष्टी सांगितल्या की फाईलमध्ये गोंधळ होतो.

आऊटपाससाठी तो भारतीय आहे याची पडताळणी लागते. जुना पासपोर्ट कॉम्प्युटरवर सापडला तर लवकर होतं. नाही सापडला तर चौकशी घरच्या पत्त्यावर पोलीस ठाण्यात येते. आमचे दोन महिने इथेच गेले. पासपोर्टवर जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता होता, आम्ही बेलतरोडीला राहायला गेलो होतो, आणि चौकशीचा शेरा गेला 'घर बंद'. म्हणून पत्ता बदलला असेल तर आधीच जुन्या आणि नव्या, दोन्ही पोलीस ठाण्यांत अर्ज देऊन ठेवा, जुन्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा. पोलीस दारात आले म्हणून घाबरू नका. "काहून आले बाप्पा पोलीस?" म्हणत दार लावून घेणाऱ्या एका आजींमुळे एका घरची फाईल परत गेली होती. शाळेचा दाखला, आधार, मतदार यादीतलं नाव, जे असेल ते हातात द्या.

याच काळात एजंटचा फोन येतो. 'पन्नास हजार टाका, उद्या सोडवतो.' एक रुपयाही देऊ नका. एक्झिटचा शिक्का नागपुरातल्या एजंटच्या हातात नसतो. त्याचा फोन रेकॉर्ड करा आणि फाईलमध्ये ठेवा.

विमानाचं भाडं कोण देणार? करारात लिहिलं असेल तर मालकाने द्यायचं. तो देत नसेल आणि घरची परिस्थिती खरंच नसेल तर दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या या निधीतून राहण्याची सोय, तातडीचे उपचार, कायदेशीर मदत, परतीचं तिकीट आणि पार्थिव आणण्याचा खर्च होऊ शकतो. तो आपोआप मिळत नाही, दूतावास गरज पाहून देतो. म्हणून अर्जातच घरचं उत्पन्न, कर्ज आणि रेशन कार्डाचा रंग लिहा. तिकीट स्वतः काढणार असाल तर बाहेर पडायची परवानगी हातात आल्यावरच काढा.

सही करण्याआधी पगाराचा विचार

सुटकेच्या ओढीने पोरं 'सर्व हिशेब मिळाला' अशा कागदावर सही करून येतात. मी कोणालाच दोष देत नाही, सहा महिने अंगण न पाहिलेला माणूस काहीही लिहून देईल. पण शक्य असेल तर निघण्याआधी कामगार कार्यालयात दावा नोंदवून घ्यावा आणि दूतावासाच्या मदतीने तिथे कोणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं. मग खटला त्याच्या माघारीही चालू शकतो. तरहीलमधून, म्हणजे हद्दपारीच्या केंद्रातून पाठवलं तर बोटांचे ठसे घेतात आणि त्या देशात पुन्हा जायला बंदी लागू शकते. हे त्याला आधी समजावून सांगा, म्हणजे निर्णय तो जाणून घेईल.

बाई अडकली असेल तर

ईसीआर पासपोर्टवर ३० वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी ईसीआरच्या १८ देशांत जायची परवानगी नाही. म्हणून एजंट वय लपवतात किंवा टुरिस्ट व्हिसावर पाठवतात. तिच्याशी बोलताना शेजारी मालकीण उभी आहे असंच धरून चाला. एक सांकेतिक वाक्य ठरवा, उदाहरणार्थ 'यंदा संत्री कशी आहेत' असं तिने विचारलं तर धोका आहे असं समजायचं. शारीरिक छळ असेल तर तक्रारीत पहिल्याच ओळीत लिहा. लाजेपोटी चौथ्या पानावर गेलेली ही ओळ मी वाचली आहे. दूतावासातर्फे अशा बायकांना निवारा मिळू शकतो, पण ती तिथवर पोचायला हवी. त्यासाठी टॅक्सीवाल्याला दाखवायला दूतावासाचा पत्ता अरबीत तिच्या फोनमध्ये फोटो म्हणून पाठवून ठेवा.

थायलंडची 'डेटा एंट्री'

अलीकडे शिकलेली पोरं वेगळ्याच जाळ्यात सापडतात. नोकरी बँकॉकची सांगतात आणि नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडीजवळ नेतात, तिथे ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतात. मार्च २०२५ मध्ये अशा शेकडो भारतीयांना थायलंडच्या मे सोतहून हवाई दलाच्या विमानांनी आणलं. इथे तक्रार यांगून आणि बँकॉक दोन्ही दूतावासांकडे करा. खंडणी मागितली तरी आधी पोलिसांत जा. मुलगा परतल्यावर त्याची चौकशी होईल. त्याच्याकडून जबरदस्तीने काम करून घेतलं याचे पुरावे जपा.

दुर्दैवाने मृत्यू झाला असेल तर

पार्थिव आणण्यासाठी मृत्यूचा दाखला, शवलेपनाचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचं ना-हरकत पत्र लागतं. घरच्यांनी ठरवायचं असतं की पार्थिव इथे आणायचं की तिथेच अंत्यविधी करायचा. तसं संमतीपत्र नोटरी करून पाठवावं लागतं. मृत्यूचं कारण नीट कळेपर्यंत थकबाकी आणि भरपाईच्या कागदावर सही करू नका.

तो परत आल्यावर

आऊटपासवर आलेल्याला मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनवाले थोडा वेळ बसवून विचारतात. खरं सांगायचं, तिथे भीतीचं कारण नाही. आऊटपास जमा होण्याआधी त्याच्या शिक्क्यांचे फोटो काढून ठेवा, नव्या पासपोर्टच्या अर्जात आणि पोलीस तक्रारीत त्यांचा उपयोग होतो. सीएसएमटीहून संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस मिळाली तर सकाळी नागपूर. शक्य असेल तर मुंबईला एकाने घ्यायला जावं. अंगावर मार किंवा आजार असेल तर आठवड्याभरात मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत दाखवून कागद घ्या.

मग एजंट. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. नोंदणीशिवाय परदेशी भरती करणं हा १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पोलीस कधी म्हणतात की एमिग्रेशन कायद्याखाली खटल्याला केंद्राची परवानगी लागते. गेलेल्या माणसाने स्वतः किंवा त्याच्या आई-वडील, नवरा-बायको, भाऊ-बहिणीने तक्रार केली असेल तर ती परवानगी लागत नाही, तसं कायद्याच्या कलम २७ मध्येच लिहिलं आहे. ते पान सोबत न्या. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, मानवी तस्करीचे बळी आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आणि त्याचं तिकडचं सिमकार्ड फेकू देऊ नका. थकलेला पगार जमा झाला तर तो तिथल्याच बँक खात्यात होतो, आणि ते पैसे काढायचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रोमिंग चालू ठेवा, थोडा रिचार्ज करत राहा. माझ्या भावाचा शेवटच्या तीन महिन्यांचा पगार तो घरी आल्यावर ११ महिन्यांनी असाच हाती आला.